विहिरीवरचं शूटिंग

दसरा झाला की उमरखेडहून महागावकडे जाणाऱ्या एस.टी.त मी डाव्या बाजूची खिडकी धरते. त्या बाजूला वावरं जवळून दिसतात. यंदाही तशीच बसले होते. कपाशीची पऱ्हाटी फुटली होती, बाया कमरेला ओटी बांधून ओळीनं वाकल्या होत्या आणि सकाळचं दव अजून पुरतं सुकलं नव्हतं. दवातला कापूस वेचताना बोटं गार पडतात आणि बोंडाची वाळकी टोकं नखांच्या कडेला रुततात. मी शाळेत शिकवायला लागले, शिकवून निवृत्तही झाले, तरी ओली पऱ्हाटी दिसली की माझी बोटं आपोआप मुठीत जातात. शेजारच्या बाईनं विचारलं, "थंडी वाजून राह्यली का?" मी हो म्हटलं. वेचणीच्या एका हंगामानं मला दरवर्षी असं गाठायचं ठरवलंय, हे तिला कसं सांगणार?

तो हंगाम कापसाच्या त्या वाईट वर्षांतला. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात पाऊस कमी आणि कॅमेरे जास्त आले. पांढऱ्या गाड्या यायच्या, पाराजवळ थांबायच्या, त्यातून माणसं उतरायची आणि कर्जापायी कुणाच्या घरी काय घडलं ते विचारायची. माझ्या वहिनीला एकानं डोक्यावरून पदर घ्यायला लावला आणि जमिनीकडे बघत राहा म्हणून सांगितलं. वहिनी म्हणाली, "जमिनीत काय हाये?" तो माणूस दुसऱ्या घरी गेला. हळूहळू गावानं सगळ्याच गोष्टींवर संशय घ्यायला सुरुवात केली. बियाण्याच्या पाकिटावर नारळाएवढं बोंड असायचं, आत काय निघेल ते आषाढ उलटल्यावर कळायचं. खताच्या पोत्यावरचा शिक्का लोक नखानं खरवडून बघत. कुणी फुकट काही देऊ केलं, तर घेण्याआधी मागे कोण उभं आहे ते पाहत.

अशा दिवसांत बाबांच्या नावानं एक पेटी आली.

बाबांचं नाव पुंजाजी. आमचं गाव महागावपासून दोन कोसांवर, आणि गावाच्या उत्तरेला आमची बौद्धांची वस्ती. पेटी शाळेच्या पत्त्यावर आली होती. हेडमास्तरांनी ती हातात तोलून पाहिली आणि बाबांना म्हणाले, "कोठं सही करू नका." वहिनीनं ती दोन दिवस उघडूच दिली नाही. शेवटी माझ्या भावानं ती उमरखेडला माझ्याकडे आणली, कारण डीव्हीडी लावायचं यंत्र घरात फक्त माझ्याकडे होतं. पेटीवर कापसाच्या शेताचं चित्र होतं. इतकी पांढरी बोंडं मी फक्त बियाण्याच्या पाकिटावर पाहिली होती, त्यामुळे मलाही ती उघडताना बरं वाटलं नाही.

आत पाच तबकड्या होत्या आणि एका बाईंचं पत्र होतं. फार वर्षांपूर्वी काळ्या मातीच्या मुलखावर एक माहितीपटांची मालिका काढली होती, तिच्या शूटिंगच्या वेळी वहीत टिपणं घ्यायचं काम या बाईंकडे होतं. जुन्या पेठा, बैलगाड्यांचे तांडे, जिनिंगची सुरुवात असा सगळा कापसाचा इतिहास त्या मालिकेत होता आणि शेवटच्या भागात काही खेडी होती. त्यात आमचं गाव होतं. मूळ फिल्मला बुरशी लागली होती, आवाज खरखरत होता. आता एकेक चित्र पुसून, आवाज वेगळा काढून धुऊन, वेळ पुरत नाही म्हणून तेव्हा कापलेले तुकडे परत जोडून मालिका घरोघरी बघता यावी म्हणून विकायला काढली होती. आपण चित्रात आहात, तेव्हा एक संच आपला, असं त्यांनी लिहिलं होतं. बस एवढंच. काहीच मागितलेलं नव्हतं, याचाच मला जास्त संशय आला.

ते शूटिंग मला आठवत होतं. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी बारा वर्षांची. तेव्हाही वेचणीच चालू होती. एक जीप आली, चार माणसं आणि एक बाई शाळेत उतरली. कानाला डबे लावलेला एक माणूस हात वर करायचा आणि सगळं गाव गप्प व्हायचं. त्यानं वेचणाऱ्या बायांना बांगड्या मनगटावर घट्ट सरकवायला लावल्या, आवाज येतो म्हणून. बायांना त्याचं इतकं हसू आलं की काम थांबलं. जुन्या गोष्टी विचारायच्या तर पुंजाजीला विचारा, असं लोकांनी त्यांना सांगितलं. बाबा चौथी शिकलेले, छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले, आणि गावात कुठल्या साली कोण कुठून आलं हे त्यांना पाठ. त्यांच्यासोबत देवरावकाकाही असायचे. देवरावकाका कुणबी, तीस एकर वावराच्या घरातले. चौथीपर्यंत दोघं एका शाळेत होते, बाबा मात्र वर्गाच्या दाराबाहेर बसायचे. तिथून त्यांची दोस्ती. माझी माय देवरावकाकांच्याच वावरात वेचायला जायची.

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी ती माणसं या दोघांना घेऊन बुजलेल्या विहिरीवर गेली. आमची वस्ती जिचं पाणी भरायची ती ही विहीर, वस्तीजवळच, देवरावकाकांच्या वडिलांच्या बांधावर. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. आमच्या लोकांनी दीक्षा घेतल्यावर गावातली मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती विहीर बाभळीच्या काट्यांनी भरली गेली. कुणी भरली हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायचं कुणी नाही. विहिरीवर आम्हा पोरांना थांबू दिलं नाही, तिथून हाकलून दिलं. संध्याकाळी बाबा आणि देवरावकाका परत येताना दिसले ते एकमेकांशी न बोलता. जीप गेली. आम्ही काही दिवस हात वर करून एकमेकांना गप्प करण्याचा खेळ खेळलो.

पुढे चार-पाच वर्षांनी ती मालिका टीव्हीवर लागली. आमच्या गावात टीव्ही नव्हता. महागावच्या एका कापड दुकानात कामाला जाणाऱ्या गावच्याच माणसानं ती मालकाच्या घरी पाहिली. चित्रात मुंग्या धावत होत्या म्हणे. पण तो शपथेवर सांगायचा, "पुंजाजीचं तोंड दिसे, आन् आवाज ये, आबानं सांग्तलं, विहिरीत काटे टाका."

आबा तेव्हा जिवंत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला की पुंजाजीच्या घरची बाई आमच्या वावरात पाय ठेवणार नाही. बाकीच्यांनीही आबांचं पाहून तेच केलं. देवरावकाका बाबांना रस्त्यात टाळायला लागले. मायला वेचणीसाठी दोन कोस पायी दुसऱ्या गावी जावं लागे, अंधारात निघायची. एक हंगाम नाही, कितीतरी. टाचांना भेगा पडून त्यात माती भरलेली असायची. ती बाबांना म्हणायची, "चारचौघात बोलाची काय गरज होती तुमाले? माणसाच्या तोंडाले कुलूप पाह्यजे." बाबा म्हणायचे, "हाओ, चुकलं."

त्यांनी स्वतःच चुकलं म्हटलं, मग मी तरी दुसरं काय समजणार होते? मी तेव्हा मॅट्रिकला होते. मला वाटायचं, बाबांना मोठेपणाची हौस. शहरातली माणसं आली, वहीत लिहून घ्यायला लागली, आणि यांना राहवलं नाही. आबांनी केलं ते वाईटच होतं, आणि बोलणं खरंच होतं, हे मला कळत होतं. पण त्या खऱ्याची किंमत मायच्या टाचांनी दिली, आणि वाहवा मात्र बाबांनी घेतली, असा राग माझ्या मनात बसला. तो मी कधी बोलून दाखवला नाही. पेटी आली त्याच्या तीन वर्षं आधी माय गेली. शेवटच्या आजारातही तिनं एकदा ते कुलुपाचं वाक्य म्हटलं होतं.

म्हणून मी त्या तबकड्या एकटीनं पाहायचं ठरवलं. रविवार होता. सकाळी विजेची लाईन जाऊन दहाला यायची आणि दोनला परत जायची, तेवढ्यात पाहायचं होतं. पहिल्याच तबकडीत आभाळ इतकं निळं दिसलं की मला ते आपलं वाटेना. बैलांची शिंगं तेल लावल्यासारखी चमकत होती. ज्यांनी इतकं पुसलं, त्यांनी अजून काय काय पुसलं असेल, असं वाटत राहिलं. मधल्या तबकड्या मी पुढे ढकलल्या. पाचवीत आमचं गाव आलं, तिथंही एका बैलजोडीची शिंगं तशीच चमकत होती. वेचणाऱ्या बायांच्या ओळीत तिसरी माझी माय होती. तरुण, हसताना तोंडावर मनगट धरलेली. मी यंत्र थांबवलं आणि पाणी पिऊन आले.

मग विहीर आली. बाबा काठावर उभे होते, धुतलेला पांढरा सदरा घालून. चित्रात न दिसणाऱ्या माणसानं विचारलं, "ही विहीर कशी बुजली?"

बाबांनी सदऱ्याची बाही सारखी केली. मग म्हणाले, "विहीर जुनी हाये. आपोआप बुजली."

मी पुढे सरकून बसले. तेवढ्यात बाजूनं देवरावकाका चित्रात आले. त्यांना कुणी बोलावलेलं दिसत नव्हतं. ते म्हणाले, "खोटं नोको बोलू, पुंजाजी." आणि मग त्या न दिसणाऱ्या माणसाकडे वळून सांगू लागले. "आबानं सांग्तलं, विहिरीत काटे टाका. बाभळीच्या फांद्या मीच गाडीत भरून आणल्या. मीच टाकल्या. याची माय घागर घेऊन उभी होती तिथं. मले पाहे. काही बोलली नाई."

बाबांनी त्यांच्या दंडाला धरलं. चित्र संपलं.

मी तो तुकडा किती वेळा मागे नेऊन पाहिला ते सांगता येणार नाही. पहिल्यांदा मला वाटलं, यात काहीतरी फेरफार आहे. माणसाला आपला जुना राग सोडायचा नसला की तो यंत्रावर संशय घेतो. पण देवरावकाका 'र' दाबून बोलायचे, तो 'र' तिथं होता. मग उलगडा झाला. टीव्हीवर दाखवताना तुकडा आखूड करायला कुणीतरी देवरावकाकांचं एकच वाक्य ठेवलं असेल आणि ते बाबांच्या चेहऱ्यावर चिकटवलं असेल. त्यांना आमच्या गावातलं काय माहीत असणार? दोन वाजता लाईन गेली तेव्हा मी चप्पल घालून स्टँडवर निघाले होते.

बाबा ओसरीत कापसातला पाचोळा निवडत बसले होते. मी तबकडीची पिशवी खाली ठेवून म्हटलं, "बाबा, विहिरीवर तुम्ही तर काहीच सांगितलं नव्हतं."

"पाह्यलं का तू?"

"देवरावकाका बोलले ते सगळं."

"हाओ."

"मग गाव तुम्हाला बोलत होतं तेव्हा गप्प का राहिलात?"

बाबांनी हातातला कापूस बाजूला ठेवला. "आबा जिवंत होते. देवराव बोलला हे समजलं असतं तं त्याईनं त्याले घराबाहेर काढलं असतं. वावरात वाटा बी दिला नसता. माहं काय, बाई? मी तं बाहेरच होतो."

"आणि आबा गेल्यावर?"

"मंग उशीर झालता. थो तोंड चुकवाले लागला, मी बी गेलो नाई."

"आणि माय?"

त्यांनी कापूस पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "तिले सांग्तलं असतं तं तिनं गावभर केलं असतं." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "सांगाले पाह्यजे होतं."

मी म्हटलं, उद्या ही तबकडी मी सगळ्या गावाला दाखवते. ते नको म्हणाले. देवराव अजून आहे, त्याला गावात राहायचं आहे, म्हणाले. त्या क्षणी मला वाटलं, या माणसाला बायको-मुलीपेक्षा दोस्तच मोठा. तेव्हा माझा राग तोच होता, त्याचं फक्त कारण बदललं होतं.

सकाळी मी बाबांना न सांगता देवरावकाकांच्या घरी गेले. भाव वाढेल या आशेनं त्या वर्षी कुणी कापूस विकत नव्हतं. त्यांच्या पुढच्या खोलीत कापूस खिडकीपर्यंत रचलेला होता आणि टीव्हीसमोर फक्त एका बाजेपुरती जागा उरली होती. काका त्या बाजेवर होते, वाळून गेलेले. त्यांच्या सुनेनं, सुनंदानं, तबकडी लावली. काका शेवटपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "हे खोटं हाये."

"आवाज तुमचाच आहे, काका."

"आवाजाचं काय सांगतं? आजकाल कॉम्प्युटरवर मेलेल्या माणसाले बी बोलतं करतात." सुनंदा त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मला विचारलं, "पुंजाजीनं पाठवलं का तुले?"

"नाही. त्यांनी तर दाखवू नको म्हटलं."

"नोको म्हणे?"

"तुम्हाला गावात राहायचं आहे म्हणाले."

काका उठले, कापसाच्या ढिगाला हात टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "ठेवून जा ते."

माझ्याकडे ती एकच होती. मला दिसत होतं, मी दाराबाहेर पडले की हा माणूस ती चुलीत घालणार. मी यंत्रातून तबकडी काढली आणि हातात धरून उभी राहिले. सुनंदा हळू आवाजात म्हणाली, "ठेवा, ताई. मी हाये ना इथं." मी तिच्या हातात ती दिली खरी, पण उमरखेडला पोहोचेपर्यंत स्वतःला शिव्या देत होते. पुढचे आठ दिवस शाळेत माझं लक्ष नव्हतं. पुरावा आयुष्यात एकदा हाती आला आणि तो मी नेमका ज्याच्याविरुद्ध होता त्याच्याच घरी ठेवून आले.

नवव्या दिवशी वहिनीचा फोन आला. देवरावकाकांनी दुपारी लाईन असताना अंगणात टीव्ही मांडला आणि माणूस पाठवून आपल्या भाऊबंदांना आणि आमच्या वस्तीला बोलावलं. काहींना वाटलं, काकांचा पुतण्या निवडणुकीला उभा राहतोय. काहींना वाटलं, नवीन बियाण्याची जाहिरात आहे, म्हणून ते आलेच नाहीत. बाबाही गेले नाहीत. विहिरीचा तुकडा आला तसे काका उठून टीव्हीच्या बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "हा मीच हाये. पुंजाजी काही बोलला नोयता. मी बोललो, आन् त्याच्या नावावर गेलं तं मी गप राह्यलो."

"मग लोक काय म्हणाले?" मी विचारलं.

वहिनी म्हणाली, एक पुतण्या उठून निघून गेला. एकानं विचारलं, हे आता काहून सांगून राह्यले? एक जण म्हणाला, कॉम्प्युटरवर काहीही करतात. बाकीच्यांनी ती शिंगं चमकणाऱ्या बैलांची जोडी पुन्हा दाखवायला लावली. मग सुनंदानं चहा केला. वस्तीतल्या दोन बायांनी घेतला, दोघींनी घेतला नाही.

वीस वर्षं चाललेली गोष्ट चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात संपली. काकांनी हे का केलं याचा मी अजून विचार करते. मनाला टोचत होतं म्हणून, की सुनेनं पाहिलं होतं आणि आता घरात लपवता येणार नव्हतं म्हणून? सुनंदा भेटली तेव्हा विचारलं. ती म्हणाली, "ते आठ दिवस जेवले नाईत नीट."

रविवारी मी गावी गेले. ओसरीत बाबांच्या समोर देवरावकाका बसले होते. आमच्या दारात ते किती वर्षांनी आले होते याचा हिशोब कुणी केला नाही. दोघं पऱ्हाटीवर पडलेल्या लाल्या रोगाबद्दल बोलत होते. काका म्हणत होते, पानं लाल झाली की काही फवारून उपयोग नसतो. बाबा म्हणत होते, पेरणीआधी वखरवाही चांगली झाली तर फरक पडतो. मी आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले, माफीचा एखादा शब्द ऐकू येतो का म्हणून. आला नाही. जाताना काका माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "तुह्या मायच्या चित्राच्या ठिकाणी सुनंदानं थांबवून ठेवलं होतं जरासं. बाया म्हणे, दाखवा." मग ते काठी टेकत गेले.

बाबांनी कापूस पुन्हा पुढ्यात ओढला. मी त्यांच्यासोबत निवडायला बसले. थोड्या वेळानं विचारलं, "बरं वाटलं का बाबा?"

ते म्हणाले, "मले काय वाटाचं आता? मले तं सवय झालती."

या सगळ्या हंगामात मी ज्या ज्या गोष्टीवर अविश्वास दाखवला, त्यातल्या बहुतेक खऱ्या निघाल्या. बाबांचं हे वाक्य मात्र मी आजही खरं मानत नाही. ते बोलताना त्यांनी निवडलेला स्वच्छ कापूस पाचोळ्याच्या ढिगात टाकला होता, आणि मी तो गुपचूप उचलून परत इकडे घेतला.